मोफत वकील कोणाला मिळतो आणि नाशिकमध्ये अर्ज कसा करायचा

समजा, एक बाई नोकरीला आहे. महिना चाळीस हजार पगार आहे. वडिलोपार्जित घरात भाऊ हिस्सा देत नाही म्हणून तिला वाटणीचा दावा लावायचा आहे. तिला सरकारी खर्चाने वकील मिळेल का?

मिळेल. हे उत्तर ऐकल्यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. "मोफत वकील म्हणजे पिवळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी" असा समज इतका घट्ट बसलाय की हक्क असूनही माणसं कर्ज काढून फी भरतात, किंवा तारखांना जायचंच सोडून देतात. म्हणून आधी पात्रता नीट समजून घेऊ.

पात्र कोण

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मधल्या कलम १२ मध्ये ही यादी आहे. यादी वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवायची: यातल्या कुठल्याही एका गटात तुम्ही बसलात की पुरे. सगळ्या अटी एकदम पूर्ण कराव्या लागत नाहीत.

अनुसूचित जाती किंवा अनुसूचित जमातीची व्यक्ती. कोणतीही स्त्री. कोणतंही बालक. अपंग व्यक्ती. मानवी तस्करीचा किंवा वेठबिगारीचा बळी. पूर, अवर्षण, भूकंप, औद्योगिक दुर्घटना, जातीय अत्याचार किंवा वांशिक हिंसाचार यांचा फटका बसलेली व्यक्ती. औद्योगिक कामगार. कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती. यात निरीक्षणगृहातली मुलं, संरक्षणगृहातल्या स्त्रिया आणि मनोरुग्णालयात ठेवलेली माणसंही येतात. आणि शेवटी, ज्यांचं वार्षिक उत्पन्न ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आहे ते सगळे. महाराष्ट्रात ही मर्यादा ३ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी ५ लाख.

उत्पन्नाची अट फक्त या शेवटच्या गटाला आहे. स्त्रीला नाही, अनुसूचित जाती-जमातीला नाही, कोठडीतल्या माणसाला नाही. सुरगाणा किंवा पेठच्या आदिवासी शेतकऱ्याकडे कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर "मी अनुसूचित जमातीचा आहे, कलम १२ मध्ये मला उत्पन्नाची अट नाही" एवढं शांतपणे सांगावं. सातपूर-अंबडच्या कारखान्यातून काढून टाकलेल्या कामगारानेही आपण औद्योगिक कामगार म्हणून पात्र आहोत का, हे आधी विचारावं. काम सुटल्यावर हातात पैसा नसतो, पण कामगार न्यायालयातली लढाई तर तेव्हाच सुरू होते.

पात्रतेबरोबर आणखी एक अट आहे. दावा लावायला किंवा लढवायला सकृतदर्शनी काही आधार आहे, एवढं अर्ज मंजूर करणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला पटावं लागतं. जिंकणारच, हे सिद्ध करावं लागत नाही.

हा हक्क आला कुठून

हा भाग गाळून थेट कागदपत्रांकडे जाता येईल. पण मला वाटतं, खिडकीपाशी उभं राहताना मान खाली घालायची नसेल तर हे माहीत असावं.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून दिला. पण त्या वकिलाला पैसे कोण देणार, हे तिथे लिहिलेलं नव्हतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९अ आला आणि त्यात मोफत कायदेविषयक साहाय्याची गोष्ट आली, पण ती मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. तेवढ्यावर कोर्टात जाऊन हक्क मागता येत नव्हता. ही दरी न्यायालयांनी भरून काढली.

पहिलं मोठं पाऊल आपल्याच राज्यातल्या खटल्यात पडलं. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या प्रयत्नाचा हा खटला. उच्च न्यायालयाने आरोपीला तीन वर्षांची शिक्षा दिली, पण निकालाची नक्कल त्याच्या हाती न पडल्याने तो सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत चार वर्षं उलटली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने त्याची याचिका फेटाळलीच, मात्र फेटाळताना सांगितलं की कैद्याला निकालाची नक्कल मोफत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील करणं परवडत नसेल तर तो शासनाने द्यायचा. एका हरलेल्या माणसाच्या खटल्यातून पुढच्या हजारोंना हक्क मिळाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरण आलं. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले की गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ ते खटल्याविनाच आत होते. जामिनाला पैसे नाहीत, बोलायला वकील नाही. न्यायमूर्ती भगवती यांनी स्पष्ट केलं की गरीब आरोपीला वकील न देता चालवलेली प्रक्रिया अनुच्छेद २१ च्या कसोटीला उतरत नाही. म्हणजे मोफत वकील हा आता जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग झाला.

"शासनाकडे निधी नाही" ही सबब १९८१ मध्ये भागलपूरच्या खटल्यात संपली. तिथे पोलिसांनी संशयितांचे डोळे फोडले होते, आणि त्यांना दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं तेव्हा कोणालाही वकील दिलेला नव्हता. कारण काय, तर त्यांनी मागितला नाही. न्यायालयाने सांगितलं, मागण्याची वाट बघायची नाही. आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जाईल तेव्हाच दंडाधिकाऱ्याने त्याला या हक्काची माहिती द्यायची. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात तर वकील न देता झालेली शिक्षाच रद्द झाली. ज्याला हक्क आहे हेच ठाऊक नाही, तो अर्ज कसा करणार, हा त्यातला साधा आणि बिनतोड युक्तिवाद.

मधे १९८३ चं शीला बरसे प्रकरण आहे. मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल एका पत्रकार स्त्रीने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचं, हा निर्देश त्यातून आला. आणि २०१२ मध्ये कसाबच्या अपिलावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की पहिल्या हजेरीलाच वकिलाच्या हक्काची माहिती देणं हे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ज्या देशाने त्यालासुद्धा वकिलाविना ठेवलं नाही, तिथे मोटारसायकल चोरीच्या संशयावरून धरलेल्या सिन्नरच्या पोराला वकिलाविना ठेवायला काही कारण उरत नाही.

अर्ज कुठे द्यायचा

नाशिक शहरात सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात, रोजचं काम सचिव बघतात, तेही न्यायाधीशच. तालुक्यातलं प्रकरण असेल तर नाशिकला खेटे घालू नका. निफाड, मालेगाव, येवला, कळवण, जिथे तुमचं तालुका न्यायालय आहे तिथली तालुका विधी सेवा समिती अर्ज घेते. उच्च न्यायालयात जायचं असेल तर नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो आणि तिथे उच्च न्यायालय विधी सेवा समिती वेगळी आहे. पण त्यासाठी आधी मुंबईची गाडी पकडायची गरज नाही, जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावं.

नुसता सल्ला हवा असेल तर १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो. तरी, पहिल्यांदाच जाणार असाल तर कार्यालयातल्या फ्रंट ऑफिसला समोर बसून बोललेलं बरं. तिथे वकील किंवा विधी स्वयंसेवक असतात आणि कागद बघून लगेच सांगतात की प्रकरण कुठल्या कोर्टाचं आहे.

अर्जात काय लिहायचं

छापील नमुना मिळतो, पण साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्जही चालतो. नाव, पत्ता, फोन, कुठल्या गटातून पात्र आहात, समोरचा पक्षकार कोण, वाद थोडक्यात काय, प्रकरण आधीच कोर्टात असेल तर कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि पुढची तारीख. ही पुढची तारीख वरच्या बाजूला ठळक लिहा. ती दोन दिवसांवर असेल तर तोंडीही सांगा; अर्ज गठ्ठ्यात गेला आणि तारीख निघून गेली, असं होता कामा नये. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती करता येते, ती नियमांतच आहे. अर्ज लिहून देण्यासाठी गेटबाहेर कोणाला पैसे देऊ नका.

कागदपत्रे

ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, बहुधा आधार. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीने जातीचा दाखला, अपंग व्यक्तीने अपंगत्वाचं प्रमाणपत्र, कामगाराने कारखान्याचं ओळखपत्र, पगारपत्रक किंवा काढून टाकल्याचं पत्र. स्त्रीला ओळखपत्राखेरीज पात्रतेचा वेगळा पुरावा लागत नाही.

उत्पन्नाच्या गटातून अर्ज करणाऱ्यांची दाखल्यासाठीच सगळ्यात जास्त वणवण होते. तहसीलदारांचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर कलम १३ सांगतं की अर्जदाराने आपल्या उत्पन्नाबद्दल केलेलं शपथपत्र पुरेसं मानता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असल्याशिवाय. तेव्हा सेतू केंद्रातून दाखला यायला वेळ लागणार असेल आणि तारीख जवळ असेल, तर शपथपत्र देऊन अर्ज करा. न्यायालयात किंवा शासकीय कार्यालयात सादर करायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. त्यात उत्पन्न खरं लिहा. खोटं निघालं तर दिलेली मदत काढून घेतली जाते.

प्रकरणाचे कागद वेगळ्या पिशवीत: आलेलं समन्स किंवा नोटीस, एफआयआरची प्रत, जमिनीचा वाद असेल तर सातबारा आणि फेरफार, आधीच्या वकिलाकडे काम असेल तर त्यांच्याकडचे कागद. मूळ प्रती दाखवायला न्या, जमा करताना झेरॉक्स द्या.

अर्ज दिल्यावर

पोच घ्या. निर्णय शक्यतो त्याच दिवशी आणि उशिरात उशिरा सात दिवसांत द्यायचा, असं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे २०१० चे विनियम सांगतात. मंजुरी मिळाली की पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील नेमला जातो. पॅनेलवरचाच एखादा वकील तुम्हाला हवा असेल तर तसं अर्जात लिहा, विचार होऊ शकतो. फौजदारी खटल्यांसाठी काही वर्षांपासून लोक अभिरक्षक ही व्यवस्था आली आहे. त्यात पूर्णवेळ वकील फक्त आरोपींच्या बचावाचं काम करतात. कोर्ट फी, प्रोसेस फी (समन्स-नोटीस बजावण्याचं शुल्क), नकला, टंकलेखन, भाषांतर हे खर्चही मदतीत येतात.

नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. "चहापाण्याचं बघा" असं कोणी म्हणालं, तर पैसे न देता सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील तारखांना येत नसेल तरी तेच करा, सबळ कारण असेल तर वकील बदलून मिळतो.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. त्या निर्णयाविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

घरचं माणूस आत असेल तर

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या कच्च्या कैद्याला जात, उत्पन्न, काहीच दाखवावं लागत नाही. कोठडीत असणं हीच पात्रता. त्याने आतून कारागृह अधीक्षकांमार्फत अर्ज करावा, किंवा नातेवाइकांनी बाहेरून जिल्हा कार्यालयात द्यावा. सोबत गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं आणि अटकेची तारीख एवढं लिहिलं तरी काम सुरू होतं. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता न आल्याने माणूस आतच राहिला असेल, तर तेही या अर्जात स्पष्ट लिहा. अट शिथिल करून मागण्याचं काम त्याच वकिलाला सांगता येतं.