सेवाभावी नेतृत्व

सेवाभावी नेतृत्व : हाताखालच्या माणसांच्या कामातील अडचणी दूर करणे आणि त्या माणसांची वाढ होईल असे पाहणे हे प्रमुखाचे पहिले काम, असे मानणारी व्यवस्थापनातील विचारधारा. प्रमुखाचा अधिकार यात कमी होत नाही. कामे वाटणे, मुदत पाळायला लावणे, चूक झाली तर तोंडावर सांगणे हे सारे त्याच्याकडेच राहते.

या विचाराला आजचे रूप रॉबर्ट ग्रीनलीफ (१९०४–१९९०) यांनी दिले. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीतून ते १९६४ मध्ये निवृत्त झाले आणि १९७० मध्ये त्यांनी ‘द सर्व्हंट ॲज लीडर’ हा निबंध प्रसिद्ध केला. हेर्मान हेसे यांच्या एका कादंबरीतील लिओ या पात्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. यात्रेकरूंच्या तांड्याची पडेल ती कामे करणारा लिओ नाहीसा होतो आणि तांडा विस्कटतो. पुढे कळते, की यात्रा काढणाऱ्या पंथाचा प्रमुख तोच होता. ग्रीनलीफ यांनी कसोटी मात्र रोकडी घातली : ज्यांची सेवा केली ती माणसे अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का? आणि समाजातील सर्वांत दुबळ्याचे भले झाले, निदान नुकसान तरी टळले का? हा दुसरा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, आणि खरा कस तिथेच लागतो.

नवी मुंबईत ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आणि आयटी पार्क शेजारी शेजारी नांदतात. कारखान्यात या नेतृत्वाची जागा पाळी बदलताना दिसते. सुटणाऱ्या पाळीचा ऑपरेटर लॉगबुकात लिहितो, ‘पंप नं. २, सील गळते.’ पुढच्या पाळीत, त्याच्या पुढच्या पाळीत तीच ओळ उतरत राहते, कारण मेंटेनन्सकडे सील नसते आणि ते मागवायला ऑपरेटरचा शब्द पुरत नाही. सुपरवायझरने स्वतः स्टोअर आणि परचेसच्या मागे लागून सील आणवणे आणि ते आल्याचे त्या ऑपरेटरला सांगणे, ही इथली सेवा. ऑपरेटरच्या हातातला पाना घेऊन स्वतःच नट आवळत बसणाऱ्या सुपरवायझरचेही लोक कौतुक करतात. पण त्याने ऑपरेटर काही शिकत नाही आणि परचेसचा कागद टेबलावरच राहतो.

ऐरोली, महापे, घणसोली येथील आयटी कंपन्यांत ही कल्पना बरीचशी स्क्रम पद्धतीबरोबर आली. स्क्रम म्हणजे छोट्या टीमने लहान लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर तयार करण्याची पद्धत. टीमपुढचे अडथळे हटवणे हे स्क्रम मास्टरचे नेमून दिलेले काम असते. रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, ‘कुठे अडलंय का?’ असे विचारले जाते. अडल्याचे सांगूनही दोन दिवस काही हलले नाही, की तिसऱ्या दिवसापासून सगळे ‘नाही, ठीक चाललंय’ म्हणू लागतात. अंबरनाथ-बदलापूरहून येणाऱ्यांना ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरावी लागते. पावसात मध्य रेल्वे रखडली, की कोणी फोन करण्याआधीच सकाळची मीटिंग पुढे ढकलणारा टीम लीड टीमच्या लक्षात राहतो. रात्रपाळीची गोष्ट याहून गंभीर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीनेच काम देता येते आणि तिला घरापर्यंत पोहोचवण्याची सोय करावी लागते. ऐनवेळी पाळी बदलली तेव्हा कॅबच्या यादीतही तिचे नाव बदलले का, हे रोस्टर लावणाऱ्यानेच पाहायचे असते.

चांगला प्रमुख मिळाला म्हणून हक्कांची गरज संपत नाही. मुंबईतून पुढे तुर्भे–वाशीला आलेल्या घाऊक बाजारांतील माथाडींना, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांना, माथाडी मंडळाकडे नोंद, मंडळामार्फत मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला तो अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे. कोणा शेठच्या चांगुलपणामुळे नव्हे. ओव्हरटाइम बुडवून वाढदिवसाचा केक कापणाऱ्या प्रमुखाला सेवाभावी म्हणता येत नाही. ठेकेदाराकडचे हाउसकीपिंगवाले, सुरक्षारक्षक, कॅबचालक टीमच्या यादीत नसतात म्हणून त्यांची विचारपूस सुटते, हा या पट्ट्यातला नेहमीचा दोष. दुसरा दोष असा, की नव्या मुलांना सांभाळून घेणे, रुसवेफुगवे मिटवणे ही कामे टीममधल्या बायकांच्या वाट्याला जातात आणि अप्रेझलमध्ये ती कुठेच धरली जात नाहीत.

आणीबाणीत ही पद्धत बाजूला ठेवावी लागते. वायुगळतीचा सायरन वाजल्यावर सर्वांचे मत घेत बसता येत नाही. तिथे आदेश सुटतो आणि तो पाळायचा असतो. अशा प्रसंगाचा सराव, म्हणजे मॉक ड्रिल, संपल्यावर मात्र, बाहेर पडायच्या दारात ड्रम रचून ठेवले होते आणि ते साहेबांच्याच सांगण्यावरून ठेवले होते, हे ठेकेदाराच्या माणसाला सर्वांसमोर न बिचकता बोलता यायला हवे.