चिनी शाईचित्रण आणि ग्राफिक डिझाइन

कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याची दगडी सहाण या साधनांवर उभी राहिलेली चिनी चित्रकला व सुलेखन आधुनिक पोस्टर, बोधचिन्ह, मुखपृष्ठ यांच्या रचनेत वापरण्याची पद्धती.

काजळी आणि सरस यांपासून बनवलेली शाईची कांडी पाण्यात उगाळतात. पाणी कमी-जास्त केले की एकाच काळ्यातून अनेक छटा निघतात; ‘शाईत पाच रंग असतात’ हा विचार थांग राजघराण्याच्या काळापासून (सातवे ते दहावे शतक) रूढ आहे. चीनच्या आनह्वै प्रांतातील ‘शुआन’ नावाचा पारंपरिक कागद शाई तत्काळ शोषतो, त्यामुळे ओढलेला फटकारा दुरुस्त करता येत नाही. कुंचला कोरडा पडला की रेषेत पांढरे तंतू उमटतात. त्यांना ‘फेइपाय’ म्हणतात. रिकामी जागा हा चित्राचाच भाग असतो. दक्षिण सुंग राजघराण्याच्या काळातील (बारावे-तेरावे शतक) चित्रकार मा युआन चित्राचा भार एका कोपऱ्यावर टाकून उरलेले धुके, पाणी, आकाश कोरे सोडत असे. डिझाइनच्या दृष्टीने या परंपरेचा सर्वांत मोलाचा वारसा हाच आहे, शाईचा डाग नव्हे.

हे नेमके ओळखणाऱ्यांत हाँगकाँगचे ग्राफिक डिझाइनर कान ताय-क्युंग (जन्म 1942) अग्रणी होत. 1957 मध्ये ते चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून हाँगकाँगला आले, काही वर्षे शिवणकाम केले आणि पुढे नव-शाईचित्रणाचे (शाईचित्रणाला आधुनिक रूप देणाऱ्या चळवळीचे) प्रवर्तक लुई शौ-क्वान यांच्याकडे शिकले. ‘पर्वत’, ‘पाणी’, ‘वारा’, ‘ढग’ या अक्षरांवरील त्यांच्या पोस्टरमालिकेत जिवंत फटकारे आणि लेखनसाहित्याची छायाचित्रे कोऱ्या अवकाशात समोरासमोर येतात. येथे शाई सजावटीला नाही. रचनेचा तोल तीच सांभाळते.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमुळे ही भाषा जगभर पोहोचली. 2003 मध्ये जाहीर झालेल्या बोधचिन्हात लाल शिक्क्यावर ‘जिंग’ (राजधानी) या अक्षराची आठवण देणारी नाचती मानवाकृती होती, तर ‘बीजिंग 2008’ ही अक्षरे हान राजघराण्याच्या काळातील (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या) बांबूपट्ट्यांवरील लिखाणाच्या वळणाची होती. खेळांची चिन्हे प्राचीन मुद्रालिपीवर (शिक्क्यांवर कोरल्या जाणाऱ्या अक्षरांच्या वळणावर) बेतली होती. उद्घाटन सोहळ्यात नर्तकांनी भव्य गुंडाळीपटावर आपल्या हालचालींतून शाईचे निसर्गचित्र रेखाटले.

आज चहाच्या डब्यापासून रेस्तराँच्या पाटीपर्यंत तयार ‘ब्रश फाँट’ आणि शाईचे शिंतोडे चिकटवलेले दिसतात. अशा फाँटमध्ये तेच अक्षर दोनदा आले की कोरडेपणाचे तंतूही हुबेहूब तसेच येतात. हाताने काढलेले दोन फटकारे मात्र कधीच सारखे नसतात. खरी तांत्रिक अडचणही येथेच आहे. फटकारा स्कॅन करून व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिती आकारांनी साठवलेल्या संगणकीय चित्रात) बदलला की ओलसर कडा कापल्यासारख्या टोकदार होतात. बोधचिन्ह लहान केले की फेइपायचे तंतू बुजतात. नुसत्या काळ्या शाईत छापलेल्या फिक्या छटा निर्जीव दिसतात. म्हणून चांगल्या छपाईत काळ्याला करड्या शाईची जोड देतात. लहान आकारासाठी फटकारा नव्याने, कमी तंतू ठेवून काढावा लागतो.