युद्धाची भूमिका आणि अडकलेला पैसा

मार्च 1839. कँटन बंदरात चिनी सम्राटाचे खास आयुक्त लिन झशू यांनी परदेशी व्यापाऱ्यांना हुकूम सोडला: साठवलेली सगळी अफू हवाली करा. व्यापारी टाळाटाळ करू लागले तेव्हा त्यांच्या वखारींना वेढा पडला. चीनमधल्या ब्रिटिश व्यापारावर देखरेख ठेवणारे अधिकारी चार्ल्स एलियट यांनी मग एक नोटीस काढली. अफू ब्रिटिश सरकारच्या नावाने माझ्याकडे जमा करा, भरपाईचं सरकार बघेल, असा तिचा आशय. चिनी कारवाईमुळे धंदा आधीच ठप्प झालेला. पडून राहिलेल्या मालाला सरकारी हमी मिळतेय म्हटल्यावर कोण मागे राहील? 20,283 पेट्या जमा झाल्या. लिन यांनी जूनमध्ये ती अफू मीठ आणि चुना घातलेल्या पाण्यात कालवून समुद्रात सोडून दिली.

युद्धामागचा पैसा म्हटलं की तोफांचे कारखानदार आणि तेलाच्या विहिरी आठवतात. त्यांच्यापेक्षा एलियट यांची ती नोटीस मला जास्त बोलकी वाटते. चोरट्या व्यापारातलं खासगी नुकसान तिने एका फटक्यात सरकारी देणं करून टाकलं. रक्कम वीस लाख पौंडांच्या आसपास. लंडनमध्ये पंतप्रधान मेलबर्न यांचं सरकार काठावरच्या बहुमतावर चाललेलं आणि तिजोरीत तूट. अफूवाल्यांना द्यायला पैसे मागायचे कुठल्या तोंडाने? ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने तोडगा काढला: आरमार पाठवायचं आणि पैसे चीनकडून वसूल करायचे.

याच्या मागे मोठी साखळी होतीच. ईस्ट इंडिया कंपनी कलकत्त्यात अफूचे लिलाव करायची, व्यापारी ती चीनमध्ये विकायचे, त्या चांदीतून चहा विकत घेतला जायचा आणि चहावरची जकात ब्रिटिश तिजोरीत पडायची. विल्यम जार्डिन हे बडे अफू व्यापारी स्वतः लंडनला जाऊन परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना भेटले होते. पण सभागृहात पामर्स्टन बोलले ते ब्रिटिश प्रजेच्या सुरक्षिततेबद्दल आणि मानसन्मानाबद्दल. एप्रिल 1840 मध्ये विरोधकांनी आणलेला ठरावही अफूच्या पापाबद्दल नव्हता, सरकारच्या हलगर्जीपणाबद्दल होता. तिशीतले खासदार ग्लॅडस्टन यांनी मात्र हे युद्ध अन्यायाचं आहे, असं तोंडावर सुनावलं. ठराव 262 विरुद्ध 271 मतांनी पडला. युद्ध संपवणाऱ्या 1842 च्या नानकिंग तहात चीनवर 2 कोटी 10 लाख चांदीच्या डॉलरांचा बोजा पडला. अफूचे 60 लाख, चिनी व्यापाऱ्यांकडे अडकलेल्या उधारीचे 30 लाख आणि युद्धाच्या खर्चाचे 1 कोटी 20 लाख. ज्याच्यावर हल्ला झाला त्यानेच हल्ल्याचं बिल भरलं.

एवढ्यावरून ‘व्यापाऱ्यांना युद्ध हवं असतं आणि सरकारं ते करून देतात’ असा सिद्धांत मांडायचा मोह होतो. 1914 चा जुलै महिना त्याच्या आड येतो. युरोपात युद्धाचे ढग जमताच लंडनच्या पैशाच्या बाजाराची गाळण उडाली. 31 जुलैला शेअर बाजार बंद करावा लागला. बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांनी अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांना देशाला यात ओढू नका म्हणून विनवलं. साहजिकच होतं, लंडनच्या सावकारांचं कर्ज सगळ्याच देशांत पसरलेलं, कोणीही बुडालं तरी नुकसान त्यांचंच. सरकारने त्यांचं ऐकलं नाही. सत्तेचा समतोल, बेल्जियमच्या तटस्थतेला दिलेली हमी आणि मंत्रिमंडळ फुटण्याची भीती यांपुढे सावकारांची विनवणी तोकडी पडली. पैशाला युद्ध आवडतं की शांतता, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. पैसा कुठे अडकलाय, हे विचारलं तर जास्त कळतं.

त्याच युद्धात अमेरिकेची तटस्थता कशी पातळ होत गेली, ते या दृष्टीने बारकाईने बघण्यासारखं आहे. ऑगस्ट 1914 मध्ये परराष्ट्रमंत्री ब्रायन यांची भूमिका स्वच्छ होती: लढणाऱ्या देशांना अमेरिकी बँकांनी कर्ज देणं तटस्थतेच्या भावनेला धरून नाही. काही आठवड्यांतच फट पडली. कर्ज नको, पण मालाच्या खरेदीपुरती उधारी चालेल, असा भेद निघाला. जानेवारी 1915 मध्ये जे. पी. मॉर्गन ही पेढी ब्रिटनची खरेदी-एजंट झाली. जर्मनीची वाट ब्रिटिश नाकेबंदीने अडवलेली असल्याने माल एकाच बाजूला जाऊ शकत होता. 1915 च्या उन्हाळ्यात ब्रिटनकडचे डॉलर आटू लागले. कर्ज दिलं नाही तर निर्यात थांबेल आणि आपल्याकडे मंदी येईल, असा युक्तिवाद आता खुद्द अर्थमंत्री मॅकडू यांनी केला. शरद ऋतूत ब्रिटन आणि फ्रान्सला 50 कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. मित्रराष्ट्रांशी होणारा अमेरिकेचा व्यापार 1914 ते 1916 या काळात चौपटीच्या घरात गेला. यातला एकही निर्णय युद्धात उतरण्याचा नव्हता, प्रत्येक पायरी चालू धंदा मोडू नये एवढ्यासाठीच चढली गेली.

इथेही गोष्ट सरळ नाही. नोव्हेंबर 1916 च्या अखेरीस फेडरल रिझर्व्हने बँकांना विनातारण परदेशी कर्जांपासून सावध राहायला सांगितलं, आणि अध्यक्ष विल्सन यांचा त्याला पाठिंबा होता. म्हणजे सावकार अडकलेले असताना सरकार उलट हात आखडता घेत होतं. ते समीकरण मोडलं बर्लिनने. अमेरिका तटस्थ राहूनही शत्रूला माल पुरवतेच आहे, मग तिची भीड कशाला, असा तिथला हिशेब. 1 फेब्रुवारी 1917 पासून जर्मन पाणबुड्या कोणतंही जहाज बुडवायला मोकळ्या झाल्या आणि 6 एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. कर्जाने युद्ध लावलं, असं म्हणता येत नाही. पण कर्जातून उभा राहिलेला व्यापार नसता तर जर्मनीने हा जुगार खेळलाच असता का, हा प्रश्न टाळता येत नाही.

अमेरिकी सिनेटने तो 1934 मध्ये विचारला. सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने शस्त्र कारखानदारांना आणि मॉर्गन यांनाही साक्षीला बोलावलं. समितीच्या आकड्यांनुसार जानेवारी 1917 पर्यंत ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांना 230 कोटी डॉलर उधार गेले होते, जर्मनीला फक्त 2.7 कोटी. बँकांनी देशाला युद्धात ढकललं, हे मात्र सिद्ध झालं नाही. 1936 मध्ये नाय यांनी दिवंगत विल्सन यांच्या सच्चेपणावरच शंका घेतली आणि समितीचा पैसा बंद झाला. कारखानदारांची झाडाझडती सिनेटला चालली होती, अध्यक्षांची चालली नाही.

या चौकशीच्या वातावरणात 1935 पासून तटस्थतेचे कायदे आले: लढणाऱ्यांना शस्त्रं नाहीत, पुढे कर्जही नाही. स्पेनच्या यादवीत त्यांचा कस लागला. शस्त्रबंदी दोन्ही बाजूंना लागू होती, पण तेल शस्त्रांच्या यादीत नव्हतं. टेक्साको या अमेरिकी कंपनीने सरकारविरुद्ध उठलेले जनरल फ्रँको यांना तेल विकलं, तेही उधारीवर. त्याबद्दल कंपनीला किरकोळ दंड झाला. फ्रँको यांचे ट्रक आणि विमानं त्या तेलावर चालत राहिली.

दिलेलं कर्ज एखाद्या देशाला युद्धाकडे सरकवू शकतं, तसं नाकारलेलं कर्ज युद्ध थांबवूही शकतं. इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरून 1956 मध्ये झालेलं युद्ध हे त्याचं उदाहरण. 1875 मध्ये पंतप्रधान डिझरेली यांनी रॉथशिल्ड पेढीकडून 40 लाख पौंड उचलून कालवा कंपनीचे शेअर घेतले, तेव्हापासून ब्रिटनचा त्यात पैसा होता. जुलै 1956 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुपचूप संगनमत करून ऑक्टोबरअखेर हल्ला सुरू केला. लष्करी बाजू ठीक चालली होती. इजिप्तने जहाजं बुडवून कालवा बंद केला, तेल डॉलर मोजून दुसरीकडून आणायची पाळी आली आणि त्याच वेळी पौंड घसरू लागला. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मदत मिळू दिली नाही. सुरुवातीला हल्ल्यासाठी सर्वांत जोरात असलेले ब्रिटिश अर्थमंत्री मॅकमिलन यांनीच मग मंत्रिमंडळासमोर गंगाजळीचं चित्र मांडलं. 6 नोव्हेंबरला युद्धबंदी झाली. ब्रिटनने सैन्य मागे घ्यायचं कबूल केलं आणि डिसेंबरमध्ये नाणेनिधीकडून 130 कोटी डॉलरची व्यवस्था झाली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अरब देश सोव्हिएत गोटात जायला नको होते आणि 6 नोव्हेंबर हाच त्यांच्या स्वतःच्या निवडणुकीचा दिवस होता, हेही विसरू नये. त्याच आठवड्यात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. तिथे अशी आवळायला दोरीच नव्हती, निषेधापलीकडे काही झालं नाही.

प्रत्येक युद्धात बाजारपेठ शोधू नये, हे दक्षिण अटलांटिकमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांनी दाखवलं. 1982 मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीविरुद्ध ब्यूनोस आयर्समध्ये कामगार रस्त्यावर उतरले आणि तीनच दिवसांनी बेटांवर फौज उतरली. त्याआधी ब्रिटनने काटकसरीपायी तिथलं गस्ती जहाज काढून घ्यायचं ठरवलं होतं. दोन्हीकडे कारण घरचं राजकारण, आणि पैशाचा संबंध असलाच तर तो वाचवण्याचा.

गेल्या काही दशकांत हा गुंता शस्त्रविक्रीच्या करारांत जास्त दिसतो, कारण असा करार एकदा झाला की सुटे भाग, देखभाल आणि प्रशिक्षणाचं नातं पिढ्यान् पिढ्या चालतं. 1985 पासूनच्या ‘अल-यमामा’ करारात सौदी अरेबिया ब्रिटनकडून लढाऊ विमानं घेऊन मोबदला तेलात देत होता. त्यातल्या लाचखोरीच्या आरोपांची ब्रिटनमधली चौकशी डिसेंबर 2006 मध्ये थांबवण्यात आली. कारण दिलं गेलं राष्ट्रीय सुरक्षेचं. तीच विमानं पुढे येमेनवर उडाली. जून 2019 मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाने सौदीला शस्त्रपरवाने देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. वर्षभराने सरकारने फेरतपासणी केली, युद्धाच्या नियमांचा भंग झाल्याची शक्यता असलेल्या घटना तुरळक असल्याचं सांगितलं आणि परवाने पुन्हा सुरू केले.

रशियाने फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर युरोपीय संघाने रशियन बँकांना ‘स्विफ्ट’ या देवघेवीच्या जाळ्यातून बाहेर काढायचं ठरवलं. पहिल्या यादीत सात बँका होत्या, त्यात गॅझप्रॉमबँक आणि स्बेरबँक नव्हत्या. गॅस आणि तेलाचे पैसे ज्यांच्यातून जायचे, नेमक्या त्याच. भारताने तर स्वस्त मिळतंय तोवर तेल घ्यायचं धोरण ठेवलं आणि वर्षभरात रशिया त्याचा सर्वांत मोठा तेलपुरवठादार झाला. नळाने येणाऱ्या रशियन गॅसवर युरोपने सुरुवातीच्या वर्षांत सरसकट बंदी घातलीच नाही; बराचसा पुरवठा रशियानेच तोडला. उरलेल्यातला एक प्रवाह खुद्द युक्रेनच्या जमिनीखालून जात होता, 2019 च्या अखेरीस झालेल्या पाच वर्षांच्या करारानुसार. वर क्षेपणास्त्रं पडत असताना गॅझप्रॉम ही रशियन गॅस कंपनी त्या वाहतुकीचं भाडं युक्रेनला देत राहिली. कराराची मुदत संपली तेव्हा, 1 जानेवारी 2025 रोजी, तो नळ बंद झाला.