शित्झू की ल्हासा? आणि अंघोळीआधीचा कंगवा

कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं ठरलं की बरेच जण दुकानात येतात आणि मोबाइलवरचे दोन फोटो समोर धरतात. एक शित्झू, एक ल्हासा ॲप्सो. "यातलं कुठलं घेऊ?" आम्ही पिल्लं विकत नाही, फक्त ग्रूमिंग (अंघोळ, विंचरणं, केस कापणं) करतो, त्यामुळे अमुकच घ्या असं सांगण्यात आमचा काही फायदा नाही. पण तुम्ही जे घ्याल त्याचे केस पुढची बारा-पंधरा वर्षं आमच्या टेबलावर येणार आहेत, म्हणून हे पत्रक.

दोघांत गोंधळ होतो यात तुमची चूक नाही. 1930 च्या दशकात चीनमधून इंग्लंडला नेलेले शित्झू सुरुवातीला तिथल्या डॉग शोमध्ये ॲप्सो म्हणूनच उतरवले जात होते. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनल क्लबने ल्हासाला 1935 मध्ये मान्यता दिली, शित्झूला थेट 1969 मध्ये. दोन महिन्यांची पिल्लं शेजारी ठेवली तर आम्हालाही निरखून पाहावं लागतं. मोठेपणी ओळख सोपी होते. ल्हासाचं डोळ्यांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर साधारण चार सेंटीमीटर, शित्झूचं जेमतेम अडीच. शित्झूचे डोळे मोठे, गोल, आणि नाकावरचे केस वरच्या दिशेने वाढतात, त्यामुळे चेहरा उमललेल्या शेवंतीसारखा दिसतो. ल्हासाचे डोळे लांबट आणि केस हाताला राठ लागतात.

स्वभाव मात्र अगदी वेगळा. ल्हासा तिबेटचा, मठांत आणि घरांत आतल्या बाजूला बसून राखण करणारा. लिफ्टचं दार उघडलं तरी त्याला कळतं आणि तो ते तुम्हालाही कळवतो. अनोळखी माणसाशी लगेच जमवून घेत नाही. शित्झू चीनच्या राजवाड्यात मांडीवर वाढलेला, त्याला येणारा प्रत्येक पाहुणा आपलाच वाटतो. घरात लहान मुलं आणि सतत येणं-जाणं असेल तर आमचं मत शित्झूकडे झुकतं. घरात शांतता असेल, कुणीतरी कायम घरी असेल आणि थोडी शिस्त लावायची तयारी असेल, तर ल्हासासारखा सोबती नाही.

शित्झू घेणार असाल तर दोन गोष्टी आधीच मान्य करा. नाक चपटं असल्यामुळे त्याला उकाडा सोसत नाही, आणि ठाण्याच्या एप्रिल-मेच्या दमट हवेत दुपारी फिरवणं धोक्याचं आहे. बदलीची नोकरी असेल तर हेही लक्षात ठेवा की चपट्या नाकाच्या कुत्र्यांना बऱ्याच विमान कंपन्या सामानाच्या कक्षातून नेत नाहीत. दुसरं, डोळे बाहेर आलेले असल्यामुळे त्यांना चटकन इजा होते. डोळा लाल दिसला किंवा सारखा मिटायला लागला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्याला पट्टा गळ्यात नको, छातीचा घाला, आणि घरी आल्यावर काढा. का ते पुढे येतंच.

आता ज्यासाठी हे पत्रक मुख्यतः लिहिलं ते.

दोन्ही जातींचे केस लांब, आत मऊ लव. ही लव गळते, पण खाली पडत नाही, वरच्या केसांत अडकून राहते. घरभर केस होत नाहीत म्हणून लोक या जाती घेतात, आणि नेमकी त्यातूनच जट तयार होते. पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात तेव्हा, म्हणजे साधारण आठव्या महिन्यापासून वर्षापर्यंत, हा त्रास सगळ्यात जास्त.

अशा वेळी घरोघरी एकच चूक होते. "ग्रूमिंगला न्यायचंय, स्वच्छ करून नेऊ" म्हणून आदल्या रात्री अंघोळ घालतात. हेतू चांगलाच असतो. पण गुंता न सोडवता पाणी पडलं की तो वाळताना आवळतो, आणि बोटाने सुटली असती ती गाठ नमद्यासारखी घट्ट होते. आत शाम्पू आणि ओल अडकते, कातडी लाल होते, वास येतो. दीड तासाचं काम तीन-साडेतीन तासांवर जातं. त्यामागच्या दोन अपॉइंटमेंट कोलमडतात, आणि तेवढा वेळ तुमचं कुत्रं टेबलावर ओढ सोसत उभं राहतं.

जटांचे वेगळे पैसे का घेता, असं विचारतात. जट सोडवायला जेवढा वेळ लागतो त्यानुसार आम्ही ते घेतो, आणि सुरू करण्याआधी तुम्हाला दाखवून, विचारून घेतो. जट कातडीला चिकटली असेल तर आम्ही सोडवतही नाही, मशीनने केस काढतो. केस पुन्हा येतात, तासभर ओढ खाल्लेलं कुत्रं मात्र पुढच्या वेळी कंगवा पाहून गुरगुरतं. कानाच्या जटा काढल्यावर ते जोराने कान झटकतं आणि कान सुजूही शकतो, म्हणून त्यानंतर थोडा वेळ आम्ही त्याला थांबवून ठेवतो. तेवढा वेळ आम्हाला द्या.

घरी विंचरायचं तेही वरवर ब्रश फिरवून नाही. वरचे केस रेशमासारखे दिसतात आणि खाली कातडीशी गोधडी झालेली असते. कुत्र्याला कुशीवर निजवा, पोटाकडून सुरुवात करा. डाव्या हाताने केस वर धरून आडवा भांग पाडा, कातडी दिसली पाहिजे. पाण्याचा हलका फवारा मारून आधी टोकं सोडवा, मग मुळाकडे जा. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला की झालं. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत, शेपटीच्या बुडाशी आणि पट्टा घासतो तिथे रोज बघा. छोट्या गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी मोकळी करा. कात्री लावू नका. जटेत कातडीही ओढली गेलेली असते, आणि टाके घालायची वेळ येते.

लांब केस ठेवायचे तर रोज पंधरा मिनिटं. तेवढा वेळ नसेल तर मनाला लावून घेऊ नका, पपी कट, म्हणजे अंगभर सारखे आखूड केस, करून घ्या. दर पाच-सहा आठवड्यांनी आमच्याकडे, आणि मधे आठवड्यातून तीनदा कंगवा, एवढं पुरतं. "उन्हाळा आहे, झिरो मारा" असं सांगाल तर आम्ही अर्धा इंच तरी ठेवू. उघडी कातडी उन्हात भाजते.

ल्हासाला पहिल्या तीन-चार महिन्यांतच पंजे, कान, तोंड हाताळू देण्याची सवय लावा. लस पूर्ण झाली की त्याला आमच्याकडे पंधरा मिनिटं नुसतं टेबलावर बसवायला आणा. ड्रायरचा आवाज ऐकू दे, खाऊ खाऊ दे. या पहिल्या भेटीचे आम्ही पैसे घेत नाही. पिल्लू घेण्याआधी दोन्ही जाती प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर फोन करून या. रोज एखादा शित्झू किंवा ल्हासा टेबलावर असतोच, आणि मालकांची परवानगी असेल तर कंगवा तुमच्या हातात देऊ.

विकत घेताना पिल्लू आठ आठवड्यांहून लहान असेल तर घेऊ नका. केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबद्दलच्या 2017 च्या नियमांनुसार तशी विक्री करता येत नाही. शक्य असेल तर त्याची आई बघा, तिच्या केसांना हात लावून बघा.

अपॉइंटमेंटच्या दिवशी दोन तास आधीपासून खायला देऊ नका, खाली फिरवून आणा, लसीचं कार्ड सोबत ठेवा. पावसात भिजलं असेल तर तसंच आणा, वाळवायचं काम आमच्यावर सोडा.