चेक इंजिन लाइट आणि एक्झॉस्टचे बिघाड

चेक इंजिन लाइट म्हणजे डॅशबोर्डवरचा तो पिवळा-केशरी, इंजिनाच्या आकाराचा दिवा. धुराशी संबंधित काही बिनसलंय असं गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटलं की तो हा दिवा लावतो आणि कारण कोड करून साठवतो. अमेरिकेत १९९६ पासून नव्या कारना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोडमध्ये सांगायची पद्धत) सक्तीचं झालं, त्यातूनच कोडची भाषा बऱ्यापैकी सगळीकडे सारखी झाली, त्यामुळे स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला साधा स्कॅनर लावला तरी कोड वाचता येतो. पण कोड म्हणजे निदान नाही, हे आधी पक्कं लक्षात ठेवायला हवं, लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

उदाहरणार्थ पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्ट पाइपमधला, धूर साफ करणारा भाग) नीट काम करत नाही असं सांगणारा कोड. कोड वाचला, कन्व्हर्टर बदलला, आणि महिन्याभरात दिवा परत हजर! कारण ईसीयूला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत डोकावताच येत नाही, त्याच्याकडे असतात फक्त दोन ऑक्सिजन सेन्सर, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. साध्या झिर्कोनिया सेन्सरमध्ये पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वर-खाली नाचतो आणि मागच्याची रेघ ०.६-०.७ च्या आसपास जवळपास सपाट राहते, कारण मधला कन्व्हर्टर ऑक्सिजन धरतो आणि सोडतो. मागची रेघही पुढच्यासारखी नाचायला लागली की पी०४२०. आता ती कन्व्हर्टर संपल्यामुळे नाचतेय की मागच्या सेन्सरजवळ पाइप लीक आहे म्हणून, हे कोड सांगत नाही.

म्हणून आधी लीक शोधा. इंजिनातून धूर एकसारखा वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब पडला की मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपच्या) तड्यातून किंवा जळलेल्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट पुढच्या सेन्सरच्या आधी असेल तर त्याला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू समजतो पेट्रोल कमी पडतंय आणि पेट्रोल वाढवत जातो, मग ॲव्हरेज पडतं आणि कधीकधी लीन मिक्स्चरचा (हवा जास्त, पेट्रोल कमी) पी०१७१ पण येतो, गाडी मात्र प्रत्यक्षात रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालत असते.

लीक पकडायची वेळ म्हणजे सकाळ, गाडी पूर्ण थंड असताना. मोकळ्या जागेत बॉनेट उघडून स्टार्ट करा आणि कान द्या. टॅपेटसारखी टिकटिक येते, रेस दिली की जलद होते, आणि चार-पाच मिनिटांत धातू तापून फुगला, फट मिटली की गायब. गरम गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही ते यामुळेच. जोडापाशी काजळीचा काळा फराटा दिसला तर बहुतेक जागा सापडलीच. नाहीतर इंजिन बंद आणि थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावायची, जोडांवर साबणाचं पाणी मारायचं, जिथे बुडबुडे तिथे लीक.

दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. इंजिन इतकं मिसिंग करतंय की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी सुरक्षित जागी थांबवा, तशीच दामटू नका. कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, मिसिंग, ऑइल जळणं किंवा कूलंट आत जाणं यातलं काहीतरी त्याला मारतं, ते दुरुस्त केल्याशिवाय नवा टाकला तर तोही जाणार, आणि आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्यामुळे तो महागच असतो.

पी०१३५ किंवा पी०१४१ आला तर तो ऑक्सिजन सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटचा, फ्यूज आणि वायर आधी बघा, वायर सायलेन्सरला टेकून वितळलेली असते बऱ्याचदा.

आणि काहीही तपासायच्या आधी कोड पुसू नका. त्याबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणीचा स्पीड, आरपीएम, तापमान, सगळं जातं, आणि ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यापासून सुरू होतात, त्या पूर्ण व्हायला थंड स्टार्टपासून वेगवेगळ्या स्पीडला बरीच गाडी चालवावी लागते. दुरुस्ती झाल्यावर बॅटरीची वायर काढून दिवा घालवायची गरज नसते, चाचण्या लागोपाठ तीन फेऱ्यांत (स्टार्ट करून, चालवून, बंद करेपर्यंत एक फेरी) पास झाल्या की तो आपोआप विझतो.