लूप रिकामी नाही

वर्ध्याहून नागपूर जेमतेम ऐंशी किलोमीटर. मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी भुसावळ, बडनेरा मागे टाकत इथवर वेळेत येते, लोक बर्थखालून बॅगा ओढायला लागतात, आणि सिंदी किंवा बोरखेडीच्या आसपास गाडी हळू होत होत थांबते. बाहेर अंधार, तुरीचं शेत, लांबवर लाल सिग्नल. दारात उभा असलेला कुणीतरी सांगतो, "पुढे मालगाडी आहे." बहुतेक वेळा त्याचं खरं असतं. पण "मालगाडीला आधी सोडलं, म्हणून आपल्याला अडवलं" हा त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. प्राधान्य एरवी प्रवासी गाडीलाच असतं. अडचण वेगळीच आहे.

समजा मालगाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि मागची एक्स्प्रेस १०० ने. ऐंशी किलोमीटरला मालगाडीला ९६ मिनिटं लागतात, एक्स्प्रेसला ४८. म्हणजे एक्स्प्रेस वाटेत कुठेही अडू नये असं वाटत असेल, तर मालगाडी सुटल्यावर ४८ मिनिटं तिच्यामागे काहीच सोडता येत नाही. सारख्या वेगाच्या गाड्या असत्या, तर तेवढ्या वेळात दहा-दहा मिनिटांच्या अंतराने चार गाड्या सहज निघाल्या असत्या. रूळ तेच, सिग्नल तेच. फक्त वेगातल्या फरकामुळे पाऊण तास वाया गेला.

कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलरला, म्हणजे मार्गाच्या एका टप्प्यावर कुठली गाडी कधी सोडायची हे ठरवणाऱ्याला, हे डोळ्यांनी दिसतं. त्याच्यापुढच्या आलेखावर आडवी वेळ असते आणि उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. एक्स्प्रेसची रेघ उभट, मालगाडीची पसरट. एकाच दिशेच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे एकीने बाजूला व्हायलाच हवं. आणि बाजूला होता येतं ते फक्त स्टेशनात, लूप लाईनवर, म्हणजे मेन लाईनमधून फुटून पुढे परत तिलाच मिळणाऱ्या बाजूच्या रुळावर. दोन स्टेशनांच्या मध्ये रेघा छेदत असतील, तर मालगाडीला अलीकडच्या स्टेशनातच थांबवून ठेवायची, नाहीतर एक्स्प्रेसला तिच्या मागे रांगायला लावायचं.

लूपमध्ये घेणं म्हणजे तरी काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कोळशाने भरलेल्या रेकला, म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांच्या अख्ख्या मालगाडीला, ५८-५९ वाघिणी असतात. लांबी सहाशे मीटरच्या वर, वजन सुमारे ५,००० टन. लूपची लांबी सातशे मीटरच्या आसपास, त्यामुळे एका लूपमध्ये एकच गाडी मावते. आत शिरताना सांध्यावर, म्हणजे रूळ बदलतो त्या जागी, वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत आणावा लागतो, आणि शेवटची वाघीण आत येईपर्यंत मेन लाईन मोकळी होत नाही. मग एक्स्प्रेस निघून जाते आणि मालगाडीला पुन्हा वेग घ्यायचा असतो. ५,००० टनांना ताशी ६० किलोमीटरवर न्यायला निव्वळ गतिज ऊर्जाच सुमारे १९० युनिट लागते. साध्या घराचं महिनाभराचं विजेचं बिल एवढंच येतं. एवढं करून ती वेग पकडते, तोवर मागून दुसरी एक्स्प्रेस आलेली असते.

लूपमध्ये आधीच एखादा रेक उभा असेल, तर कंट्रोलरच्या हातात काहीच उरत नाही. वर्धा–नागपूर पट्ट्यात हे वारंवार होतं, कारण मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे देशाचे दोन मोठे मार्ग इथे एकाच वाटेवर येतात. त्यात वणी–चंद्रपूरकडून येणारे कोळशाचे रेक सेवाग्रामला येऊन मिळतात.

भरलेल्या मार्गावर रांग कशी वाढते, याचं शास्त्र टेलिफोन एक्स्चेंजमधून आलं. डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा पाया घातला. त्यातलं अगदी साधं सूत्र घेतलं तरी धक्का बसतो. मार्ग ८० टक्के भरलेला असताना वाट पाहण्याची वेळ ४ मानली, तर ९० टक्क्यांना ती ९ होते आणि ९५ टक्क्यांना १९. शेवटच्या चार गाड्या वाढवल्या की उशीर चार गाड्यांपुरता वाढत नाही, सगळ्यांचाच वाढतो. म्हणूनच सकाळी कसाऱ्याच्या घाटात झालेला छोटासा खोळंबा संध्याकाळी विदर्भात दीड तासाचा होऊन पोचू शकतो.

याचा पडताळा २०२० मध्ये मिळाला. लॉकडाऊनमध्ये प्रवासी गाड्या जवळपास बंद झाल्या आणि मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी २३-२४ किलोमीटरवरून ४५ च्या आसपास गेला. इंजिनं तीच होती, माणसंही तीच. १ जुलै २०२० ला देशभर धावलेल्या सगळ्या २०१ प्रवासी गाड्या वेळेवर पोचल्या. आपण मालगाडीला दोष देतो, पण मालगाडीच्या बाजूने पाहिलं तर तीही आपल्यामुळे तेवढीच अडते. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांत कोळसा कमी पडला, तेव्हा रेकना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्दच कराव्या लागल्या.

म्हणून मला वाटतं, एक्स्प्रेस वेळेवर यावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी मालगाडीच्या वेगाचा आग्रह धरावा. वरचंच उदाहरण घ्या. एक्स्प्रेसचा वेग १३० केला आणि मालगाडी ५० वरच ठेवली, तर ४८ मिनिटांचं अंतर कमी होण्याऐवजी ५९ मिनिटांवर जातं. उलट एक्स्प्रेस १०० वरच ठेवून मालगाडी ७५ ने चालवली, तर ते १६ मिनिटांवर येतं. वेगवान गाड्यांचं कौतुक मलाही आहे, पण गर्दीच्या मार्गावर मंद गाडीला दिलेला वेग जास्त लोकांच्या कामी येतो.

दुसरा उपाय म्हणजे दोघींच्या वाटाच वेगळ्या करायच्या. दादरी ते न्हावाशेवा या १,५०६ किलोमीटरच्या पश्चिम मालवाहू मार्गामागे हाच विचार आहे. पण महाराष्ट्रात तो फक्त पालघर ते रायगड या किनारपट्टीतून येतो. विदर्भाला आणि खानदेशाला त्याचा थेट उपयोग नाही. वर्धा–नागपूरमध्ये तिसऱ्या-चौथ्या लाईनचं काम हाती घेतलेलं आहे. ते सलग पूर्ण होणं फार महत्त्वाचं आहे. निम्म्या वाटेपर्यंत चार रूळ आणि पुढे दोनच राहिले, तर सिंदीला थांबणारी गाडी बुटीबोरीला थांबेल.