मेरापीची मेंढी

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्यकार्ता शहरापासून जेमतेम ३० किलोमीटरवर मेरापी हा ज्वालामुखी उभा आहे. त्याच्या उतारावरचे शेतकरी डोंगरातून सुटणाऱ्या तप्त लोटाला ‘वेडुस गेंबेल’ म्हणतात, म्हणजे कुरळ्या लोकरीची मेंढी. लांबून तो ढग खरंच तसा दिसतो. फक्त ही मेंढी काही शे अंश सेल्सिअस तापलेली असते आणि ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने खाली येते.

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. पण तो लाव्हा पातळ होता. भेगांतून निघाला आणि दूरवर पसरला. मेरापीच्या शिलारसात, म्हणजे पोटातल्या वितळलेल्या खडकात, सिलिका जास्त, म्हणून तो चिकट. तो फार लांब वाहत नाही, तोंडाशीच साचून घुमट होतो. घुमट वाढत वाढत ढासळला की राख, दगड आणि वायू एकदम सुटतात. राख आणि लाव्ह्याच्या थरांवर थर चढून असा उंच शंकू घडतो, त्याला स्तरित ज्वालामुखी म्हणतात. १९३० साली मेरापीच्या लोटांनी तेराशेहून अधिक बळी घेतले, १९९४ साली साठच्या वर. मग पावसाळा येतो आणि साचलेली राख चिखल होऊन नद्यांतून उतरते. संबिसारीचं नवव्या शतकातलं शिवमंदिर याच राखेखाली आख्खं गाडलं गेलं होतं. १९६६ साली शेत खणताना एका शेतकऱ्याला ते लागलं.

योग्यकार्ताच्या सुलतानाने मेरापीसाठी एक राखणदार नेमलेला असतो. डोंगराला नैवेद्य दाखवायचं काम त्याचं. २००६ साली उद्रेक झाला तेव्हा राखणदार म्बाह मारिजान यांनी गाव सोडायला नकार दिला. ते वाचले, त्यामुळे लोकांचा विश्वास आणखी वाढला. मला यात त्यांचा हट्ट कमी आणि अनुभव जास्त दिसतो. घुमट हळूहळू वाढणारा मेरापीच त्यांनी आयुष्यभर पाहिला होता.

२०१० साली मात्र वायूने भरलेला शिलारस झपाट्याने वर आला आणि डोंगर सरळ फुटला. २६ ऑक्टोबरच्या लोटात मारिजान गेले. ५ नोव्हेंबरचा लोट गेंडोल नदीच्या पात्रातून १५ किलोमीटरपर्यंत पोहोचला. शास्त्रज्ञ भूकंपाच्या नोंदी आणि उपग्रहाची रडारचित्रं पाहत धोक्याची हद्द १० वरून १५ आणि मग २० किलोमीटर करत गेले. साडेतीन लाखांवर माणसं हलवली, तरी साडेतीनशेच्या वर दगावली.

पुढच्याच वर्षी मारिजान यांच्या मुलाची राखणदार म्हणून नेमणूक झाली.